अकरा आणि बाराच्या मध्ये

१

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या त्या बॅरकीत खोल्या चोवीस आणि सगळ्यांचा ओटा एकच. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी साडेसातला त्यातल्या एका घरी ग्रंथवाचन व्हायचं. आज एक नंबर, उद्या दोन नंबर, अशी पाळी सरकत जायची आणि चोवीस नंबर झाला की पुन्हा पहिल्यापासून. ज्याच्या घरी वाचन त्यानं चहा नाहीतर खीर करायची, ग्रंथ पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर आपल्याकडे ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दारात नेऊन द्यायचा. वाचन जिथं थांबलं त्या पानात निळा दोरा. एकतीस वर्षांत एका दिवसाचा खंड नव्हता. पुराच्या साली पाणी ओट्यावर चढलं, तर लोक माळ्यावर बसून वाचत होते.

सम्यकला या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा. त्याला खटकायचं ते फक्त भीमरावकाकांचं रजिस्टर. पाळीची यादी त्या एकाच वहीत, आणि वही काकांच्या ट्रंकेत. काका अंबरनाथला एका कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांच्या खिशातलं पेन गेलं नव्हतं.

दोन हजार आठचा पावसाळा. सम्यकनं बीएस्सी आयटी करून वर्ष झालं होतं. सकाळी तो कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा, दुपारी हरेशचं सायबर कॅफे सांभाळायचा आणि त्या बदल्यात कॅफेचं इंटरनेट फुकट वापरायचा. बॅरकीची वेबसाइट त्यानं त्यातूनच उभी केली होती.

"आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलं की काय लिहितात, हे काय मी तुम्हाला सांगायचं?" शनिवारी पहिली फेरी संपली, दुसऱ्या दिवशी रविवारच्या मीटिंगमध्ये तो तावातावानं बोलत होता. "आपलं आपण लिहायचं, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. पाळीची यादीपण तिथंच."

"वहीला व्हायरस लागत नाही," काका म्हणाले.

"वाळवी लागते, काका."

बायका हसल्या. काकाही हसले, पण वही मांडीवरून हलली नाही. तेव्हा सम्यकला घाई झाली आणि घाईत तो नको ते बोलून गेला. "दुसरी फेरी मला द्या. एक दिवस जरी वाचन चुकलं ना, तर साइट मी माझ्या हातानं बंद करेन."

काकांनी वही एकदा चाळली. मग वही त्याच्या हातात दिली. "जसं आहे तसं उतरव," एवढंच म्हणाले.

२

हे उतरवणं सम्यकच्या आवडीचं काम होतं. साइट ज्या फुकटच्या परदेशी सॉफ्टवेअरवर चालायची, त्यात पान म्हणजे एकाखाली एक रचलेले ब्लॉक. एका खोलीला एक ब्लॉक. त्यात दाराचा फोटो, घरच्यांची नावं, वाचनाची तारीख, आणि वाचन झाल्यावर कोणत्या पानापर्यंत आलो तो आकडा. ब्लॉक माउसनं धरून वर-खाली सरकवता यायचे. तारीख फक्त पहिल्या ब्लॉकला द्यायची, पुढच्या सगळ्यांना सॉफ्टवेअर क्रमानं आपोआप द्यायचं.

"ब्लॉक म्हणजे रूम-किचनवाला?" गयामावशींनी फोटो काढताना विचारलं होतं.

"तसाच समजा मावशी. फक्त डिपॉझिट नाही."

वहीतली नावं तो भराभर टाइप करत गेला. एका ठिकाणी काकांनी नुसती तारीख टाकली होती, पुढं नाव नव्हतं. अकरा नंबरच्या गयामावशी आणि बारा नंबरचा राजरत्न यांच्या मध्ये एक कोरी ओळ. काका दमले असतील, असं म्हणून त्यानं ती ओळ सोडली, म्हणून ती तारीख राजरत्नला गेली. गयामावशी बुधवार, राजरत्न गुरुवार. चोवीस ब्लॉक झाले. त्यानं सेव्ह केलं, पान उघडून पाहिलं आणि समाधानानं पाठ टेकली.

मग तो पुन्हा पुढं वाकला.

अकरा आणि बाराच्या मध्ये एक रिकामा ब्लॉक होता. ना फोटो, ना नाव. नुसती चौकट, बाकीच्यांएवढीच उंच. आणि तिच्यामुळं खालच्या सगळ्या तारखा एकेक दिवस पुढं गेल्या होत्या. राजरत्न शुक्रवारी.

असं होतं. नव्या माणसाला घाम फुटतो, सम्यकला फुटला नाही. त्यानं ब्लॉक डिलीट केला, सेव्ह केलं. राजरत्न गुरुवारवर आला. पान ताजं केलं, तर रिकामा ब्लॉक परत जागेवर.

"साईं, तेरा वो खाली डब्बा फिर आ गया," हरेश मागून म्हणाला.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं मनालीला फोन लावला. मनाली कॉलेजात त्याच्या बरोबर होती, बदलापूरला मांजर्लीत राहायची आणि घरी बसून लोकांच्या साइट करायची. बिघाडाचं नाव काढलं की तिला बरं वाटायचं.

"ब्राउझरची कॅश साफ केलीस?"

"तीनदा."

"दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघ."

"बघितलं. दुसऱ्या मशीनवर बघितलं. हरेशच्या घरच्या मशीनवरपण बघितलं."

"वर्डमधून कॉपी-पेस्ट केलं असशील. त्याच्यातनं कचरा येतो. पान फुगतं, मध्येच मोकळी जागा दिसते."

"हातानं टाइप केलंय गं. एकेक अक्षर."

"मग ड्राफ्ट सेव्ह करतोयस, पब्लिश नाही. शंभरातले नव्वद तेच करतात."

"मी त्या नव्वदातला वाटतो का?"

"आवाजावरून तर वाटतोयस." ती हसली. "बरं, डेटाबेस उघड. ब्लॉक किती आहेत मोज."

त्यानं मोजले. चोवीस. पानाचा मूळ कोड उघडला आणि अकरा नंबरच्या ओळी जिथं संपतात तिथं बोट ठेवलं. तिथंच, लगेच, बारा नंबरच्या ओळी सुरू होत होत्या. मध्ये काही नव्हतं. एक स्पेससुद्धा नाही.

"काहीच नाही तर दिसतं कसं?" मनालीचा आवाज आता गंभीर झाला. "प्रिंट काढून बघ. स्क्रीनचा घोळ असेल तर कागदावर येणार नाही."

हरेशचा जुना प्रिंटर करकरत कागद बाहेर ढकलू लागला. अकरा नंबर आला. मग प्रिंटर थांबला नाही, कागदही थांबला नाही, फक्त त्याचा आवाज थांबला. बोटभर, दोन बोटं, चार बोटं कोरा कागद अगदी शांतपणे बाहेर आला. मग पुन्हा करकर, आणि बारा नंबर.

"आला का?" मनालीनं विचारलं.

"कागद अडकलाय," सम्यक म्हणाला. तो खोटं का बोलला, हे त्याला कळलं नाही.

४

मंगळवारी संध्याकाळी दहा नंबरच्या घरचं वाचन होतं. त्याआधी सम्यक ओट्यावर जाऊन अकरा आणि बाराच्या समोर उभा राहिला. त्यालाच हसू येत होतं. बिघाड कॉम्प्युटरमध्ये, आणि हा बघतोय भिंतीकडे.

बघण्यासारखं काही नव्हतंच. गयामावशींची भिंत पिवळी, राजरत्नची निळी. दोन्ही रंग जिथं भेटत होते तिथं एक सरळ रेघ. लहानपणापासून पाहिलेली रेघ.

"ये, आत ये," गयामावशी म्हणाल्या. त्या एकट्याच राहायच्या. मुलगा चामटोलीला सासऱ्यांच्या शेताजवळ घर बांधून राहिला होता. घर लख्ख, भांडी आरशासारखी. सम्यक राजरत्नच्या बाजूच्या भिंतीला टेकून बसला. मावशी चहा गाळत होत्या तेवढ्यात पाठीमागं कुणीतरी घसा साफ केला.

अगदी जवळ. माणूस वाचायला बसतो, पुस्तक उघडतो आणि पहिलं वाक्य म्हणण्याआधी करतो, तसा.

"राजरत्न," मावशी सहज म्हणाल्या. "पाळी जवळ आली की सुरू होतं त्याचं. दरवर्षी. बिचाऱ्याला दडपण येतं वाटतं वाचायचं."

चहा संपवून तो शेजारी गेला. राजरत्न नुकताच कामावरून आला होता, भावनावहिनी पोराच्या शर्टाला बटण लावत होत्या. सम्यक मुद्दाम गयामावशींच्या बाजूच्या भिंतीशी बसला. दोन मिनिटं गेली. मग तोच आवाज, भिंतीतून. आणि त्यामागं एक बारीक, कोरडा आवाज, जाड कागदाचं पान उलटल्याचा.

"मावशींचा खोकला," राजरत्न म्हणाला. "या दिवसात वाढतो. किती वेळा सांगितलं, डॉक्टरकडं चला."

सम्यकनं दाराबाहेर पाहिलं. गयामावशी त्याच्याबरोबरच घराबाहेर पडल्या होत्या, आणि त्या आता समोर, नळावर, हंडा भरत उभ्या होत्या. उघड्या दारातून दिसत होत्या. आवाज एकीकडून दुसरीकडे जातो, पोकळ भिंतीत घुमतो, पत्र्यावर आपटून परत येतो. बॅरक लष्करासाठी बांधलेली, जुनी. त्याच्याकडे अशी पाच कारणं होती. पाचही बरोबर असू शकत होती.

५

बुधवारी दुपारी त्यानं शेवटचा उपाय केला. अख्खं पान खोडलं आणि पहिल्यापासून बांधलं. चोवीस ब्लॉक, चोवीस फोटो. सेव्ह करण्याआधी चोवीस एसएमएसपण पाठवून टाकले: गुरुवारी वाचन राजरत्न यांच्या घरी, खोली १२. आता यादी जिंको नाहीतर तो जिंको.

पान उघडलं. रिकामा ब्लॉक होताच. या वेळी त्यात फोटोच्या जागी छोटी चौकट आणि तिच्यात लाल फुली होती, फोटो आहे पण सापडत नाही असं सांगणारी. सम्यकनं तिथं फोटो टाकलेलाच नव्हता.

तो बघत असताना लाल फुली गेली आणि फोटो उतरायला लागला.

हरेशचं नेट म्हणजे आनंद. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीनं यायचा. आधी कौलांची कड आली. मग भिंत. ती पिवळी नव्हती, निळी नव्हती, साधा चुना. मग दाराची वरची चौकट, लाकडी, तिला ठोकलेला एक खिळा, खिळ्याला टांगलेला कंदील. कंदील पेटलेला. मग दाराच्या आतला अंधार. पट्टीपट्टीनं अंधार उतरत राहिला आणि त्याच्या अगदी खालच्या कडेला काहीतरी फिकं दिसायला लागलं. वाकलेल्या डोक्याचा वरचा भाग असावा, किंवा पांढरी टोपी.

आणि लाइट गेली.

"लो, तीन बज गये," हरेश म्हणाला. लोडशेडिंगची वेळ त्याला पाठ होती. पंखे थांबले. सम्यक काळ्या स्क्रीनकडे बघत बसला. स्क्रीनमध्ये आता फक्त त्याचंच तोंड होतं, आणि ते पाहून त्याला एवढं बरं वाटलं की तो मोठ्यानं हसला.

त्या संध्याकाळी गयामावशींच्या घरी वाचन झालं. शेवटी सम्यकनं दोरा ठेवलेलं पान पाहून घेतलं. दोनशे बारा.

६

गुरुवारी सव्वासातला तो बारा नंबरला पोचला, तर भावनावहिनी बोंबील तळत होत्या.

"वहिनी! आज वाचन आहे तुमच्याकडं."

"आज? आमचं उद्या नं."

"मेसेज केला होता मी."

"आला की. आम्ही म्हटलं, तुझ्या कॉम्प्युटरचं काहीतरी चुकलं."

"मग आज कुणाकडं?"

वहिनींनी राजरत्नकडे पाहिलं. राजरत्ननं पोराला जवळ ओढून मांडीवर घेतलं. "आज कुणाकडं नसतं," तो म्हणाला.

"म्हणजे खंड पडतो!"

"खंड कसा पडेल? काहीतरीच."

सम्यक बाहेर आला. ओट्यावर एरवी या वेळी पोरांचा दंगा असतो. आज दारं अर्धी लोटलेली, आतून टीव्हीचे आवाज, आणि सगळा ओटा मोकळा. त्याला एकदम आठवलं, लहानपणी एखाद्या संध्याकाळी आई अशीच लवकर आत बोलावून घ्यायची. पुढं संध्याकाळचे क्लास लागले आणि या फेरीपर्यंत तो नऊच्या आत घरी आलाच नव्हता.

गयामावशी बाहेर आल्या. त्यांनी आपल्या आणि राजरत्नच्या दारांच्या बरोबर मध्ये एक स्टूल ठेवलं, त्यावर पांढऱ्या फडक्यातला ग्रंथ ठेवला, हात जोडले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. वीज बिलाची तारीख असावी इतकं ते साधं होतं.

तीन नंबरच्या दारात भीमरावकाका खुर्ची टाकून बसले होते. सम्यक तरातरा त्यांच्याकडे गेला.

"काका, ती कोरी ओळ."

"उतरवली नाहीस ना? नक्कल करायची म्हणजे कोरी ओळपण उतरवायची असते. एवढंही शिकवत नाहीत कॉलेजात?"

"कुणासाठी आहे ती?"

"माझ्या आधी सुदाम यादी लिहायचा. त्यानं सोडली, म्हणून मी सोडतो."

"काका, आपण या असल्या भुताखेतांच्या..."

"गप." काका खरोखर रागावले. "आपण भूत मानत नाही."

"मग?"

"मग काय. जागा सोडतो."

"आणि वाचतं कोण?"

काकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं. "वाचलं जातं," ते म्हणाले. "चल, चहा घे."

सम्यकचं डोकं फिरलं. एकतीस वर्षं म्हणे खंड नाही, आणि दर फेरीला एक दिवस ग्रंथ ओट्यावर पडून राहतो! आणि त्यानं सगळ्यांसमोर शब्द दिलेला, एक दिवस चुकला तर साइट बंद. "कुणी नाही वाचलं तर मी वाचेन," तो म्हणाला आणि वळला. काकांनी त्याला अडवलं नाही.

स्टुलापाशी जाऊन तो खाली बसला आणि ग्रंथावर हात ठेवला. फडकं उबदार होतं. मावशींनी इतका वेळ छातीशी धरलं असेल.

मग त्याचं लक्ष ओट्याच्या फरशीवर गेलं. अर्ध्या लोटलेल्या दारांतून बाहेर उजेडाचे पट्टे पडले होते. डावीकडं गयामावशींच्या बल्बचा पिवळा पट्टा. उजवीकडं राजरत्नच्या ट्यूबचा पांढरा. आणि मध्ये, स्टुलावर, ग्रंथावर आणि त्याच्या हातावर पडलेला तिसरा. तांबूस, किंचित हलणारा, वाऱ्यावर कंदील हलतो तसा.

समोर भिंत होती. पिवळी आणि निळी, मध्ये रेघ. तो जन्मापासून बघत आला होता. आता फक्त मान वर केली की झालं.

त्यानं मान वर केली नाही. तो फरशीकडेच बघत राहिला. तिसऱ्या पट्ट्यात एक सावली येऊन बसली. मांडी घातलेली, डोकं पुढं वाकलेलं, हात गुडघ्यांवर. तिला घाई नव्हती. पाहुणा अजून उठला नाही म्हणून थांबलेल्या घरच्या माणसासारखी ती थांबली होती. मग डोक्यावर, हातभर अंतरावर, घसा साफ केल्याचा आवाज आला.

सम्यकनं ग्रंथावरचा हात उचलला. "माफ करा," असं तो पुटपुटला, आणि उठून काकांच्या दाराकडे चालू लागला. पळावंसं वाटत होतं, पण तो चालतच गेला. पाठीमागं फडक्याची गाठ सुटली. मग पहिलं पान उलटलं.

काकांनी चहा आधीच ओतून ठेवला होता. साखर जास्त होती. त्यानं तो कप दोन्ही हातांनी धरून प्यायला, आणि आश्चर्य म्हणजे त्याला बरं वाटलं, फार दिवसांत वाटलं नव्हतं इतकं.

७

शुक्रवारी दुपारी मनालीचाच फोन आला.

"सुटला का बिघाड?"

"सुटला."

"काय होतं?"

"माझीच चूक. एक ओळ उतरवायची राहिली होती."

"मी म्हटलंच होतं," मनाली म्हणाली. तिनं तसं काहीच म्हटलं नव्हतं, पण सम्यकनं ऐकून घेतलं.

रिकामा ब्लॉक जागेवर होता. फोटोची चौकट नव्हती, लाल फुली नव्हती. राजरत्नची तारीख शुक्रवार, पुढच्या सगळ्या बरोबर. सम्यकनं काही डिलीट केलं नाही. फक्त सेव्ह केलं, आणि पानानं पहिल्यांदाच काही कुरकुर न करता ते मानलं. साइट बंद करायचं कारण नव्हतं. एकही दिवस चुकला नव्हता.

प्रिंट काढताना त्याला दिसलं, त्या ब्लॉकमध्ये आता एक गोष्ट होती. वाचन कोणत्या पानापर्यंत आलं, तो आकडा. दोनशे सव्वीस. हा आकडा रोज तोच भरायचा. कालचा त्यानं भरला नव्हता.

संध्याकाळी राजरत्नचं घर गच्च भरलं. भावनावहिनींनी खिरीत सढळ हातानं काजू घातले होते आणि पोरं ते वेचून खात होती. भीमरावकाकांनी चष्मा लावून प्रिंट पाहिली, अकरा आणि बाराच्या मधल्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि कागद घडी करून वहीत ठेवला.

"आता बरोबर उतरवलंस," ते म्हणाले. "आज तू वाच."

सम्यकनं मांडी घातली. ग्रंथ पुढ्यात घेऊन फडक्याची गाठ सोडली. निळा दोरा दोनशे सव्वीस पानावर होता. चौदा पानं पुढं. खोलीत पस्तीस माणसं होती. मधली पानं कुणी वाचली, असं कुणीच विचारलं नाही.

पान उलटायला त्यानं बोट ओठांकडे नेलं आणि ते तसंच थांबलं. पानाचा कोपरा आधीच ओलसर होता.

त्यानं नुसतंच बोट लावलं. पान उलटलं. मग घसा साफ केला आणि पुढं वाचायला सुरुवात केली.